शरीर काय सांगते आणि समुपदेशन कशामुळे लागू पडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत समुपदेशनाचे काम करताना पहिल्या भेटीत, किंवा त्याआधी फोनवर, लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. विचारणाऱ्यांत विश्रामबागेतील नोकरदार आहेत, तासगाव-पलूसकडील शेतकरी आहेत, मिरजेत शिकणाऱ्या मुली आहेत आणि साताऱ्याहून गाडी करून येणारी कुटुंबेही आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न चार ओळींत उरकणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

शरीराचे संकेत म्हणजे नेमके काय?

आपली भाषा याचे उत्तर फार पूर्वीपासून देत आली आहे. पोटात गोळा येतो, घशात आवंढा दाटतो, हातपाय गळतात, काळजात चर्र होते, कानशिले तापतात, छातीवरचा दगड उतरतो. या केवळ बोलण्याच्या तऱ्हा आहेत असे आपण धरून चालतो. पण त्यांतील प्रत्येक शब्दप्रयोग शरीरातील एका जागेकडे बोट दाखवतो आणि तेथे काय घडते हेही सांगतो. भीती, राग, दुःख आणि सुटका या गोष्टी मनात उमटतात तशाच त्या स्नायूंत, श्वासात आणि आतड्यांतही उमटतात.

याखेरीज आणखी एका प्रकारचा संकेत असतो. तो इतका ठळक नसतो, आणि समुपदेशनात त्याचेच महत्त्व सर्वांत जास्त आहे. मुलीसाठी स्थळ पाहून एक आई घरी परतते. मुलगा शिकलेला, नोकरी चांगली, माणसे ओळखीतली, पत्रिकाही जुळते, सगळे जण होकार द्यायच्या बेतात असतात आणि ती म्हणते, “सगळं चांगलं आहे हो, पण मन घेत नाही.” का घेत नाही, हे तिला सांगता येत नाही. विचारले तर ती नकळत पोटावर हात ठेवते. घाई न करता तिला तेथेच थोडा वेळ थांबू दिले, तर कदाचित संध्याकाळी भाजी निवडताना तिला एकदम आठवते, की चहाच्या वेळी मुलाची आई दोनदा बोलायला गेली आणि दोन्ही वेळा घरातील पुरुषांनी तिचे वाक्य मध्येच तोडले. डोळ्यांनी ते पाहिले होते, शरीराने त्याची नोंद घेतली होती, शब्द मात्र मागाहून आले. ‘मन घेत नाही’ या तीन शब्दांत जी धूसर पण नेमकी जाणीव असते, तिच्याविषयीच या पानावर मला मुख्यतः सांगायचे आहे.

हे सगळे मेंदूपर्यंत पोहोचते कसे?

हृदयाचे ठोके, श्वास, भूक, मूत्राशयाचा ताण, आतड्यांची हालचाल, त्वचेखालची ऊब अशा आतल्या घडामोडींची खबर मेंदूला सतत मिळत असते. या आंतरिक संवेदनेला इंटरोसेप्शन म्हणतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी या संवेदनांचे वेगळे वर्गीकरण १९०६ मध्ये मांडले. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही नस येथे महत्त्वाची आहे. तिच्यातील बहुतांश तंतू मेंदूचे हुकूम खाली पोहोचवण्याऐवजी खालची खबर वर नेण्याचे काम करतात. मेंदूतील इन्सुला या भागात ही खबर एकत्र येते आणि तिची भावनांशी सांगड घातली जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये असे मांडले होते, की शरीरात होणारे बदल जाणवणे हीच भावना होय. हे म्हणणे जसेच्या तसे आज फारसे कोणी मान्य करत नाही, कारण तीच धडधड भीतीची असू शकते आणि आनंदाचीही. प्रसंगाचा अर्थ आपण कसा लावतो यावर पुष्कळ काही ठरते. तरी भावना आणि शरीर यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा टिकून राहिला आहे.

छातीत धडधडते, अंग थरथरते. आधी डॉक्टरांकडे जावे की समुपदेशकाकडे?

आधी डॉक्टरांकडे जावे. या उत्तरात मी कोणालाही सूट देत नाही.

थायरॉइड ग्रंथीचे काम गरजेपेक्षा वाढलेले असेल तर धडधड, घाम, चिडचिड आणि निद्रानाश होतो, आणि हे सारे हुबेहूब चिंतेसारखे दिसते. रक्त कमी असेल तर जिना चढताना छाती भरून येते. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन जेवण चुकलेल्या माणसाची साखर उतरली, तर त्याला दरदरून घाम फुटतो, हात कापतात आणि जीव घाबरा होतो. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी पडले तरी थकवा, मुंग्या आणि उदासी येऊ शकते. म्हणून रक्ताच्या साध्या तपासण्या, रक्तदाब आणि गरज असल्यास हृदयाचा आलेख (ईसीजी) काढल्यावरच माझ्याकडे यावे, अशी माझी विनंती असते. छातीत दाब किंवा जडपणा, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, गार घाम, धाप अशी लक्षणे दिसली, तर ‘टेन्शनमुळे होत असेल’ असे म्हणून वाट पाहू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांमध्ये आणि मधुमेही व्यक्तींमध्ये ही लक्षणे सौम्य किंवा वेगळी असू शकतात, केवळ मळमळ आणि विलक्षण थकवा एवढीच असू शकतात, हेही लक्षात असावे.

उलट बाजूचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे नैराश्य अनेकदा पाठदुखी, डोकेदुखी, अशक्तपणा, ‘अंगात त्राणच नाही’ अशा तक्रारींच्या रूपाने येते. सलाईन लावून आणि टॉनिक घेऊन माणसे महिनोन्महिने फिरत राहतात. तपासण्या दोन-दोनदा निर्दोष आल्यानंतरही त्रास तसाच राहिला, तर तो खोटा आहे असा त्याचा अर्थ कोणीही घेऊ नये. दुखणे खरेच असते. त्याचे मूळ शोधण्याची जागा तेवढी बदलावी लागते.

समुपदेशन काहींना लागू पडते, काहींना नाही. असे का?

या क्षेत्रातील जाणकार १९५० च्या दशकापासून या प्रश्नाशी झटत आहेत, आणि माझ्या मते या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये असे मांडले, की उपचार करणाऱ्याची पद्धत कोणती यापेक्षा त्याची वृत्ती निर्णायक ठरते. तो समोरच्याला मनापासून समजून घेतो का, त्याला अटीशिवाय स्वीकारतो का, आणि स्वतः खरा वागतो का, हे तीन प्रश्न त्यांनी केंद्रस्थानी आणले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचार करणारा आणि रुग्ण यांच्यातील हे नाते अधिक रेखीवपणे मांडले. दोघांमध्ये ध्येयाविषयी एकमत हवे, त्यासाठी काय करायचे याविषयी एकमत हवे, आणि परस्परांविषयी विश्वासाचा धागा हवा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यांत तीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. हे नाते जितके चांगले, तितका उपचाराचा परिणाम चांगला, असा संबंध त्यातून दिसला. संबंध मध्यम स्वरूपाचा आहे, म्हणजे नाते जुळले की काम फत्ते असे नाही. पण पद्धती वेगवेगळ्या असूनही तो दिसत राहतो, हे विशेष आहे.

आता तिसरा धागा. युजीन जेंडलिन यांचा जन्म १९२६ मध्ये व्हिएन्नात झाला. नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर त्यांच्या कुटुंबाने देश सोडला. पुढे ते शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले आणि रॉजर्स यांच्यासोबत काम करू लागले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचारांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकली. बरे होणारे आणि न होणारे यांच्यात फरक कोठे आहे, हे त्यांना शोधायचे होते. समोरची व्यक्ती काय बोलते, कोणत्या विषयावर बोलते, यात तो फरक सापडला नाही. ती कशी बोलते यात सापडला. ज्यांना फायदा होत होता ती माणसे मध्येच थांबत, चाचपडत, एखादा शब्द उच्चारून “नाही, असं नाही, दुसरंच काहीतरी” म्हणून तो मागे घेत, आतल्या एका अस्पष्ट जाणिवेशी तो शब्द ताडून पाहत. ज्यांना फायदा होत नव्हता ती माणसे बहुधा न अडखळता बोलत. घटना सांगत, कारणे देत, स्वतःचे विश्लेषणही करत, पण त्या जाणिवेपाशी जात नसत. जेंडलिन यांनी त्या जाणिवेला फेल्ट सेन्स असे नाव दिले. मी तिला देहजाणीव म्हणते. ही कला शिकवता यावी म्हणून त्यांनी फोकसिंग नावाची पद्धत तयार केली आणि १९७८ मध्ये त्याच नावाचे पुस्तक लिहिले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

असे अडखळत बोलणे आणि उपचाराचा फायदा होणे यांतील हा संबंध पुढील अभ्यासांतही दिसला, पण तो जेंडलिन यांना सुरुवातीला वाटला तेवढा मोठा नव्हता. लहान ते मध्यम एवढाच तो भरतो. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण आमच्या क्षेत्रात एखाद्या पद्धतीचा गाजावाजा फार लवकर होतो. तरीही माझ्या रोजच्या कामात मला सर्वाधिक उपयोगी पडलेली गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर मी हीच सांगेन: विश्वासाच्या नात्यात बसलेल्या माणसाला अडखळण्याची मोकळीक मिळाली, तर उपचार लागू पडण्याची शक्यता वाढते. आपल्या घराघरांत अडखळण्याला जागा नसते. “काय ते नीट सांग” हे वाक्य ऐकत आपण मोठे होतो, आणि मग जे नीट सांगता येत नाही ते कधीच सांगत नाही.

प्रत्यक्ष बैठकीत हे कसे दिसते?

खालील प्रसंग दोन-तीन जणांच्या अनुभवांतून एकत्र केला आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

तासगाव भागातील एक द्राक्षबागाईतदार, वय पस्तिशीच्या पुढे. झोप लागत नाही म्हणून आलेले. हृदयाच्या तपासण्या झालेल्या आणि चांगल्या आलेल्या. ते बोलू लागले ते थेट बागेपासून: फळछाटणीनंतर आलेला पाऊस, दावण्या रोगावरच्या फवारण्या, व्यापाऱ्याने उचललेला माल, अडकलेले पैसे, सोसायटीचे कर्ज. सारे खरे होते, पण ते इतक्या सराईतपणे सांगत होते, की हीच हकीकत त्यांनी पन्नास वेळा सांगितली असावी हे कळत होते; आणि सांगताना त्यांचा चेहरा जराही हलत नव्हता. वीस मिनिटांनी मी त्यांना थांबवून म्हटले, “दादा, हे सगळं बाजूला ठेवू नका, पण थोडं लांबून बघा. हे सगळं मिळून आत्ता अंगात कुठं जाणवतंय?”

ते गप्प झाले. पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी बरगड्यांच्या खाली, मधोमध हात ठेवला.

“इथं. गच्च झालंय.” मग थोडे थांबून, “गच्च नाही, ताई. ताणल्यासारखं. मांडवाची तार ओढतो ना आम्ही, तसं.”

मी फक्त तेवढेच परत म्हटले: मांडवाची तार ओढल्यासारखं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. त्या तारेला काय वाटते आहे, असे मी विचारले. प्रश्न विचित्र वाटेल हे मला ठाऊक होते. ते म्हणाले, “ती तुटली तर सगळा मांडव खाली येईल.” आणि त्यानंतर काही क्षणांनी, अगदी हळू, “एकाच तारेवर कुणी मांडव उभा करत नाही.”

हे म्हणताना त्यांच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला आणि खांदे खाली आले. कर्ज तेवढेच होते, व्यापाऱ्याने पैसेही दिले नव्हते. पण वडील, लग्नाला आलेली बहीण, पुण्यात शिकणारा धाकटा भाऊ या सर्वांपासून हिशेब लपवून आपण एकट्यानेच ताण धरून ठेवला आहे, हे त्यांना कळले. आणि ते मी सांगून कळलेले नव्हते. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा धाकट्या भावाला बोलावून वही दाखवल्याचे त्यांनी सांगितले. झोप एका रात्रीत सुधारली नाही. त्याला दोन महिने लागले. पण कामाला हात कोठे घालायचा ते त्या दिवशी कळले.

बैठकीतील तो मोठा श्वास, डोळ्यांत येणारे पाणी, कधी अचानक आलेली जांभई, कधी चेहऱ्यावर चढलेला रंग यांकडे मी फार लक्ष देते. शब्द जुळल्याची ती खूण असते.

हे घरी स्वतः करून पाहता येईल का?

येईल. सुरुवातीला किरकोळ विषय घ्यावा. आयुष्यातील सर्वांत मोठे दुःख पहिल्याच दिवशी समोर ठेवू नये. पंधरा-वीस मिनिटे कोणी हाक मारणार नाही अशी वेळ निवडावी. आपल्याकडील घरांत ती मिळणे अवघड असते याची मला कल्पना आहे. एक ताई हे गच्चीवर वाळवण राखायला बसल्या असताना करत असत.

प्रथम आतून विचारावे, की सध्या मला मोकळे वाटण्याच्या आड काय काय येते आहे. जे जे येईल त्याची नुसती नोंद घ्यावी आणि ते जरा बाजूला ठेवावे, जसे पाहुण्यांना आपण ओसरीवर बसवतो. मग त्यांतील एक निवडून ते सगळे मिळून अंगात कसे लागते हे घशापासून ओटीपोटापर्यंत तपासावे. काही अस्पष्ट लागले की त्याला एक शब्द किंवा चित्र द्यावे: जड, चिकट, ओढ, धुके, गाठ. तो शब्द त्या जागेशी ताडून पाहावा. बसला नाही तर बदलावा. बसला की त्या जाणिवेला विचारावे, की तुझ्यात असे काय आहे. उत्तर डोक्यातून चटकन आले तर ते बहुधा जुनेच उत्तर असते. ते जाऊ द्यावे आणि थांबावे. जे हळू येते त्याचे स्वागत करावे, मग ते आवडो वा न आवडो. काहीच आले नाही तरी आजचा वेळ वाया गेला असे मानण्याचे कारण नाही.

मला तर काहीच जाणवत नाही. माझ्यात काही दोष आहे का?

नाही. जो मुलगा रडला की “बायकांसारखा काय रडतोस” असे ऐकत वाढला, जी सून भूक लागली असताना सर्वांची पाने वाढून होईपर्यंत उभी राहिली, त्यांनी शरीराचे ऐकणे बंद केले ते निभावून नेण्यासाठीच. अशा वेळी भावनांपासून सुरुवात न करता साध्या संवेदनांपासून करावी. पाय जमिनीला कोठे टेकले आहेत, पाणी घशातून उतरताना कोठपर्यंत गार लागते, लघवीला जायचे आहे हे किती उशिरा लक्षात येते, जेवताना पोट भरल्याची खूण नेमकी कोणत्या घासाला मिळते. ‘काहीच नाही’ हेसुद्धा कसे आहे ते पाहावे: ते बधिर आहे, पोकळ आहे, की भिंतीसारखे आहे? भिंतीसारखे असेल, तर सांगण्यासारखे काहीतरी मिळाले.

शरीराकडे लक्ष दिले की माझी भीती उलट वाढते. मग हे करावे का?

ज्यांना पॅनिकचे, म्हणजे एकाएकी तीव्र भीतीचे झटके येतात किंवा आपल्याला मोठा आजार झाला आहे अशी धास्ती सतत वाटते, त्यांचे शरीराकडे लक्ष आधीच गरजेपेक्षा जास्त असते. त्यांची अडचण अर्थ लावण्यात असते. एक ठोका चुकला की मनात ‘आता हृदयविकाराचा झटका येणार’ असे उमटते, त्या विचाराने धडधड वाढते, आणि वाढलेल्या धडधडीने विचार पक्का होतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे दुष्टचक्र नेमके मांडले आणि त्यावर आधारलेले उपचार परिणामकारक ठरले आहेत. अशा व्यक्तीने वरील सराव एकट्याने करू नये. प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने, धडधड मुद्दाम वाढवून आणि ती आपोआप उतरते हे अनुभवून, भीती कमी करण्याची पद्धत तिच्यासाठी योग्य असते.

महापुराला इतकी वर्षे झाली, तरी पाऊस लागला की पोटात ढवळते. हे कधी थांबणार?

सांगलीत राहणाऱ्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पाणी शहरात शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये माझ्या एका मावशीच्या घरात पाणी माळ्यापर्यंत आले होते. त्यानंतरच्या पावसाळ्यात पत्र्यावर सरींचा आवाज सुरू झाला, की मी स्वयंपाकघरातील खालच्या कप्प्यांतील डबे वर ठेवू लागत असे. चार डबे वर गेल्यावर आपण काय करत आहोत ते ध्यानात येई. हात आधी हलत, समज मागून येई.

शरीर तेथे चुकत नाही. ते एकदा खऱ्या ठरलेल्या धोक्याची आठवण ठेवते. अशा वेळी थेट त्या आठवणीत उतरू नये. आधी बाहेरचे पाहावे: खोलीतील पाच वस्तूंची नावे घ्यावीत, पाय फरशीवर दाबावेत, आजची पाणीपातळी अधिकृत ठिकाणी एकदाच पाहावी आणि मोबाइल ठेवून द्यावा. पाय स्थिर झाले की मग पोटातील ढवळण्याकडे थोडा वेळ जाऊन परत यावे. स्वप्ने, दचकणे, त्या रस्त्याने जाणे टाळणे हे महिनाभरापेक्षा जास्त काळ चालू राहिले आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. आघातानंतरच्या या आजारावर चांगले उपचार उपलब्ध आहेत.

शरीर सांगते ते नेहमी खरे मानायचे का?

मानू नये. दारू सोडलेल्या माणसाचे शरीर दारूच मागते. लहानपणी मिशीवाल्या माणसाचा मार खाल्लेल्याला प्रत्येक मिशीवाल्या साहेबासमोर घाम फुटतो. दुसऱ्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसाजवळ बसताना जे आक्रसणे होते, त्याला अंतःप्रेरणा म्हणून गौरवू नये. ती शिकवण असते आणि ती तपासावी लागते. संकेत ही खबर आहे. खबर ऐकावी, ती कोठून आली ते विचारावे, आणि निर्णय मात्र सगळ्या बाजू पाहून घ्यावा.

समुपदेशकासमोरच अवघडल्यासारखे होते. सांगावे का?

जरूर सांगावे. माझ्या वडिलांच्या निधनानंतर मी स्वतः दुसऱ्या शहरातील एका समुपदेशकांकडे जात होते. मी बोलू लागले की त्या वहीत लिहीत राहत आणि तासाच्या शेवटी चांगल्या विचारांविषयी सल्ला देत. माझा घसा दर वेळी आवळून येई. सहा बैठका मी ते दुःखाचेच लक्षण समजले. सातव्या वेळी जिना चढताना, दार दिसायच्या आधीच घसा आवळला, तेव्हा उलगडा झाला, की घरी वडिलांच्या फोटोसमोर तो तसा आवळत नाही. मी त्यांना हे सांगितले नाही, जाणे बंद केले. आज वाटते, सांगायला हवे होते. कदाचित त्यांनी वही मिटली असती.

समुपदेशक चांगला असेल तर आपली नाराजी ऐकून तो चिडणार नाही, उलट कामाला लागेल. अवघडलेपण दोन प्रकारचे असते. नाजूक गोष्ट जवळ आल्यामुळे होणारे अवघडलेपण बोलल्यावर सैल होते. आपले ऐकले जात नसल्यामुळे होणारे अवघडलेपण बोलूनही तसेच राहते. दुसऱ्या प्रकारात समुपदेशक बदलावा आणि त्याबद्दल मनात अपराधी भाव ठेवू नये. अयोग्य स्पर्श, लगट किंवा पैशांची भलती मागणी झाल्यास विचार करत बसू नये. तेथून उठावे आणि तक्रार करावी.

औषधे चालू आहेत. तरी समुपदेशनाचा उपयोग होईल का?

होईल, अनेक आजारांत दोन्ही मिळून अधिक लाभ होतो. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला साधारणपणे काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून ती एकाएकी बंद केल्यास चक्कर, मळमळ, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. मात्रा बदलण्याचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचाच असतो. समुपदेशक औषध लिहून देत नाही आणि बंदही करत नाही. कोणी तसे करत असेल तर सावध राहावे.

विपश्यना किंवा योग करतो. यात वेगळे काय आहे?

विपश्यनेत संवेदना तटस्थपणे पाहायची असते, तिच्याशी संवाद करायचा नसतो. येथे तिला प्रश्न विचारायचा असतो आणि ती आयुष्यातील कोणत्या गोष्टीविषयी बोलते आहे हे शोधायचे असते. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. तीव्र मानसिक आजार असलेल्यांनी दीर्घ मौन-शिबिरास जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

घरचे म्हणतात बाहेरची बाधा आहे, देवऋषीकडे न्या. त्यांना काय सांगावे?

वाद घालू नये. आजीला जे दिसते ते खरेच असते: नात जेवत नाही, घुम्यासारखी बसते, मध्येच अंग झटकते. तिने लावलेला अर्थ वेगळा असतो, एवढेच. “आजी, तुमचं देवाचं तुम्ही करा, आम्ही डॉक्टरांचं करतो” असे म्हटल्यावर बहुतेक घरांत वाट निघते. मात्र मारहाण, उपाशी ठेवणे, साखळदंड, चटके असे काही होत असेल तर तेथे तडजोड नाही. २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याने असे अघोरी प्रकार गुन्हा ठरवले आहेत. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे होते, आणि त्यांनी तेथे सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचे काम करते.

कोठे जावे आणि खर्च किती येतो?

सांगली आणि मिरज येथील शासकीय रुग्णालयांत, तसेच साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांसाठी माफक दरात उपचार मिळतात. खासगी समुपदेशकांचे शुल्क प्रत्येकाचे वेगळे असते. ते पहिल्या फोनवरच विचारावे, त्यात संकोच नसावा. शिक्षण आणि प्रशिक्षण कोठे झाले हेही विचारावे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ज्यांना प्रवास जमत नाही, जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या डोंगराकडील वाडीतून येणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक लावावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही शासकीय सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाला आहे असे विचार येत असतील, तर बैठकीच्या तारखेची वाट न पाहता आजच या क्रमांकावर बोलावे आणि घरातील एका तरी माणसाला जवळ बसवून ठेवावे.

गावात कळले तर?

ही भीती खरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. जिवाला धोका असण्यासारख्या मोजक्या प्रसंगांखेरीज आपण सांगितलेले बाहेर जात नाही, घरच्यांनाही नाही. बाजारात भेट झाली तर मी आपण होऊन ओळख दाखवत नाही. आपण हसलात तर मीही हसते.

पहिल्या दिवशी काय बोलायचे ते सुचत नाही. तयारी करून यावे का?

तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी आणावी. बोलण्याची तयारी नको. दारातून आत येऊन बसल्यावर पहिली पाच मिनिटे आपण काहीही बोलला नाहीत तरी चालेल. पाणी ठेवलेले असते. मग मी बहुधा एवढेच विचारते, की येथपर्यंत येताना वाटेत कसे वाटत होते, आणि आता बसल्यावर कसे वाटते आहे.